धनुष्यावरचा आकडा

सौदीतल्या हुफूफ शहराच्या बाहेर, खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथे, अबू फहदची मोठी जमीन आहे. चारी बाजूंनी तारेचे कुंपण आणि आत त्याने पाळून सोडलेले रानबोकड. दर हिवाळ्यात त्यांतले थोडे कमी करावे लागत आणि त्याचा रीतसर परवाना त्याच्याकडे होता. बंदूक त्याला आवडत नसे. त्याला ओढ होती धनुष्याची, तेही जुन्या धाटणीच्या, निव्वळ लाकडाच्या. या एका वेडापायी फर्निचरच्या कारखान्यातले फोरमन नाना मांडवकर त्याचे दोस्त झाले, नाहीतर त्या दोघांनी एका परातीत जेवावे असे दुसरे काही कारण नव्हते.

मंडळी चौघांचीच. संगमेश्वरचे नाना धनुष्ये घडवत. कारखान्यातली ॲश लाकडाची फळी घ्यायची आणि तिच्या पाठीला गावाहून बॅगेतून आणलेली बांबूची पट्टी चिकटवायची. मिरजेचा शौकत एसी दुरुस्त करी, पण चामडे त्याच्या हाताला फार छान वळे. सगळ्यांचे हातमोजे आणि मनगटपट्टे त्यानेच शिवलेले. केरळचा हाशिर दवाखान्याच्या लॅबमध्ये होता, तो बाणांना पिसे चिकटवून देई. टोकांची पोलादी पाती आणण्याचे काम अबू फहदकडे. प्रत्येकाच्या बाणावर त्याच्या रंगाची कडी असे. नानांची हिरवी. शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपले की गवताच्या गाठोड्यांवर नेम धरायचा, आणि ज्याच्या बाणाने दुसऱ्याचा बाण मोडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

धनुष्य किती जोराचे, हे ते बॅगा तोलायच्या काट्याने मोजत. विमानात सामान जास्त होऊ नये म्हणून तिकडे प्रत्येकाच्या खोलीत तो हातातला काटा असतोच. त्याचा हूक दोरीत अडकवून, बाण सोडताना ताणतो तेवढे ओढायचे आणि काटा दाखवील ते वजन धनुष्याच्या मुठीशी शाईने लिहून टाकायचे.

नियम नानांनीच घातला होता. पहिल्याच हिवाळ्यात एका पाहुण्याच्या हलक्या धनुष्याचा बाण बोकडाच्या मांडीत नुसता रुतून राहिला आणि तो बोकड पुढे कितीतरी दिवस लंगडत दिसे. तेव्हा नाना म्हणाले, वीस किलोच्या खालचे धनुष्य असेल त्याने जनावरावर बाण सोडायचा नाही. सगळ्यांना ते पटले. शौकतचे धनुष्य एकोणीसचे होते. लहानपणी मोडलेला त्याचा कोपर दोरी फार मागे येऊ देत नसे. एका किलोने काय होतंय, असे तो म्हणाला तेव्हा नानांनी सर्वांसमोर सुनावले, "एका किलोने बोकड तीन पायांवर चालतो."

तेव्हापासून शिकारीच्या दिवशी शौकत गाडीपाशी बसून कहवा उकळू लागला. गमतीने सगळे त्याला कॅन्टीनवाला म्हणत. नानाही म्हणत.

पुढे एक जड कपाट उतरवताना नानांचा उजवा खांदा दुखावला. मलम झाले, शेक झाला, व्यायाम झाला, तरी हात पूर्वीसारखा मागे जाईना. स्वतःचे तेवीस किलोचे धनुष्य त्यांना अर्धेसुद्धा ओढवेना. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. जेवणाच्या सुट्टीत पॉलिशच्या खोलीचे दार लावून, काचेच्या तुकड्याने ते धनुष्याचे पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, खरवडत बसत. थोडे खरवडायचे, ओढून बघायचे, पुन्हा खरवडायचे. खांद्याला सोसेल इतके ते हलके झाले तेव्हा काटा सोळा दाखवत होता. त्यांनी वरून पॉलिशचा हात मारला. मुठीशी लिहिलेले तेवीस तेवढे तसेच ठेवले. खांदा सुधारला की नवे धनुष्य करू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तीन वर्षे झाली, खांदा सुधारला नाही.

गवताच्या गाठोड्यावर कुणाला काही कळण्यासारखे नव्हते. शिकारीत मात्र नाना बाण सोडतच नसत. दोरी थोडी ओढून सैल करत आणि कोन बरोबर नव्हता म्हणत. यातूनच त्यांचे नाव झाले. नवा कुणी आला की हाशिर त्याला सांगे, सब्र देखना है तो नानाजी को देखो. अशा वेळी नाना मान खाली घालून दोरीला मेण चोळत बसत. नको म्हणायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

या उन्हाळ्यात नाना कायमचे गावी जाणार होते. म्हणून यंदाचा पहिला बाण नानांचा, असे अबू फहदने जाहीर करून टाकले.

बाभळीच्या आडोशाला तिघे उभे होते. मागे टेकाडावर गाडी, तिथून शौकत दुर्बिणीतून बघत होता. बोकड चरत चरत जवळ आला आणि आडवा उभा राहिला. कोनाचे नाव घ्यायला जागाच नव्हती. अबू फहद हळूच म्हणाला, "यल्ला, नाना."

अजूनही सांगता आले असते. खांदा दुखतो, एवढे दोन शब्द पुरे होते. नानांनी ओठ उघडलेही. मग त्यांच्या डोळ्यांसमोर कहव्याची किटली घेऊन गाडीपाशी बसलेला शौकत आला, आणि ते दोन शब्द बोलले तर मागची तीन वर्षेही सोबत बोलावी लागतील हे त्यांना कळून चुकले. त्यांनी दोरी ओढली आणि सोडली.

बाण हवा तिथेच लागला. पण खोल गेला नाही. बोकड उसळला आणि धावत सुटला, आणि त्याच्या कुशीत हलणारी ती हिरवी कडी उन्हात दूरवर दिसत राहिली.

शौकत किटली तशीच टाकून धावत आला. रक्ताचे थेंब शोधत चौघे दुपारपर्यंत फिरले. शेवटी शौकतलाच तो कुंपणाशी बसलेला सापडला. जिवंत होता, धापा टाकत होता. अबू फहदने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. मग बाण उपसला आणि कुठवर रक्त लागले आहे ते बघितले. जेमतेम चार बोटे.

अबू फहद म्हणाला की पात्याला धार नव्हती, दोष त्याचा, पाती त्याने आणली होती. हाशिर म्हणाला की पिसे यंदा आपणच नीट बसवली नसणार. दोघे खरोखर तसेच समजत होते. शौकत बोकडाकडे बघत राहिला. नानांना वाटले, या दोघांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"शौकत," ते म्हणाले, "गाडीतला काटा आण."

काटा आला तसा नानांनी स्वतःच हूक अडकवला आणि सगळ्यांना दिसेल असे ओढले. काटा सोळावर थांबला. त्यांच्या अंगठ्याशेजारी तेवीस लिहिलेले होते.

अबू फहदने केव्हापासून, एवढेच विचारले. नानांनी सांगितले. त्याने सुरी वाळूत पुसली आणि गाडीकडे चालू लागला. जेवताना मात्र त्याने नेहमीप्रमाणे मांसाचा चांगला तुकडा नानांच्या पुढ्यात सरकवला. 

पुढच्या शुक्रवारी जायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. पण खाली शौकतच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला, तेव्हा ते खाली उतरले.  रानात पोचल्यावर अबू फहद त्याला म्हणाला, आज तूही चल, एका किलोचे काय घेऊन बसायचे. शौकतने मान हलवली. नियम बरोबर आहे, म्हणाला, गेल्या खेपेला सगळ्यांनी बघितलंय.

अबू फहद आणि हाशिर गेल्यावर शौकतने किटली आणि वेलचीची डबी नानांपुढे सरकवली. "आज तुम्ही उकळा."

नानांनी उकळला. शौकतने घोट घेतला, तोंड वाकडे केले, पण प्याला.

"तीन वर्षं मला कॅन्टीनवाला म्हणालात की हो, नाना," तो म्हणाला. "खांदा गेलाय म्हणून नुसतं सांगितलं असतं, तर दोघं बसलो असतो इथंच. मी काय कमी लेखलं असतं होय तुम्हाला?"

 नानांनी चाचरत सांगितले की आखूड ओढीचे, रुंद फळीचे धनुष्य केले तर शौकतच्या कोपरालाही एकवीस किलो सहज येतील. जायच्या आधी करून देतो. हे त्यांना तीन वर्षांपूर्वीच सुचले होते, आणि तेव्हा का केले नाही तेही त्यांनी सांगितले. शौकत शिकारीला आला असता तर गाडीपाशी बसायला नानाच उरले असते.

शौकतने उरलेला कहवा वाळूत ओतला. उठून गाडीतून काटा काढला आणि आपल्या खिशात ठेवला.

"करा," तो म्हणाला. "पण आकडा मी लिहिणार."