चार आटे

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा नट चार आटे सैल केला, की लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि चाकाला काही कळतसुद्धा नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी स्वतःच्या हातांनी करून पाहिलं आहे. अकरा वर्षं झाली. परवापर्यंत मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आमच्या वडिलांचं पुढच्या ब्रेकशी वैर होतं. तरुणपणी पालमच्या रस्त्याला मुरुमावर त्यांनी तो दाबला आणि ते तोंडावर पडले. समोरचे दोन दात गेले. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक गाडीचा पुढचा ब्रेक ते पहिल्याच दिवशी सैल करून टाकत. "मागचा हाय की. फुडच्याचं काय लोनचं घालायचंय?" असं म्हणत. आमच्या भागात असं करणारे ते एकटे नव्हते. अजूनही आहेत.

मी परभणीत एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. माझ्याही गाडीचा त्यांनी सैल केलेला पुढचा ब्रेक शहरातल्या मेस्त्रीने नीट आवळून दिला होता आणि रिक्षांच्या गर्दीत तो रोज उपयोगी पडायचा. म्हणजे तो ब्रेक कशासाठी असतो, हे मला माहीत होतं. माझा गुन्हा अडाणीपणाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

धाकटी बहीण शाळकरी पोरीला सासूपाशी ठेवून चार दिवस माहेरपणाला आली होती. तिला न्यायला दाजी एसटीने आले. परतायच्या वेळी म्हणाले, "पाव्हणं, तुमची गाडी द्या. आयतवारी आणून घालतो." दाजी गाडी शिकून दोनच महिने झाले होते. पण जावयाला तोंडावर 'तुम्हाला गाडी नीट येत नाही' असं आमच्यात म्हणत नाहीत. जेवताना भाजीत मीठ कमी पडलं तरी सासुरवाडी ओशाळते, तिथं हे कोण बोलणार? ते आत जेवत होते. आई त्यांना आग्रहाने वाढत होती. मी पाना घेऊन अंगणात आलो. घाबरून त्यांनी पुढचा दाबला तर बहीण उलटी पडेल, एवढंच डोक्यात होतं; तिथं बोलणारे वडील होते, हात माझा होता. एक, दोन, तीन, चार. लिव्हर दाबून पाहिला. मुठीला टेकला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

निघताना म्हणालो, "दाजी, दमानं जा."

"काळजी गाडीची करायलात का बहिणीची?"

"दोनीची."

सगळे हसले. पाना माझ्या खिशात होता.

दाजींच्या गावच्या वाटेवर येलदरीच्या अलीकडे एक उतार आहे. भर दुपारी त्या उतारावर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी वळत होती. दाजींनी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरलं, पुढचं तसंच फिरत राहिलं आणि गाडी ट्रॉलीवर जाऊन आदळली. दाजींना खरचटलं. बहिणीचा खुबा मोडला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी. रॉड घातला, दोनदा ऑपरेशन झालं. एक पाय दोन बोटं आखूड राहिला तो राहिलाच.

गाडी टेम्पोत घालून आमच्या अंगणात आणली. हेडलाइट फुटला होता, पुढचा मडगार्ड चेपला होता, पण ब्रेकची केबल शाबूत होती. घरातले सगळे दवाखान्यात होते. मी तोच पाना घेतला आणि चार आटे परत आवळले. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही, पण मोजून केलं. संध्याकाळी वडील आले, त्यांनी लिव्हर दाबला. घट्ट. मी कधी आवळला, हेही त्यांनी विचारलं नाही. दवाखान्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्रेक तर कडक हाय. दाबलाच न्हाई ह्या मानसानं."

दाजी भिंतीला टेकून उभे होते. "मी दाबला व्हता. आईशप्पत. फुडचा लागलाच न्हाई."

"ब्रेक लागला न्हाई का तुमचा हात लागला न्हाई?" आमचा मावसा म्हणाला. कोणीतरी हसलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. गाडी माझी, तिची खोड मला ठाऊक असणार, म्हणून पाहिलं असावं. मी बहिणीच्या सलाइनकडे बघत राहिलो.

त्यानंतर दाजींनी गाडीला हात लावला नाही. लग्नाकार्यात एसटीनेच येत. मावसा पंगतीत ओरडायचा, "सरका रे, पाव्हण्यांना जागा द्या, त्यायची गाडी थांबत नसती!" आई तर त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. वडील जाताना त्यांच्यावरचा राग सोबत घेऊन गेले. मी प्रत्येक वेळी उद्या सांगू म्हणालो, आणि प्रत्येक उद्याने सांगणं आणखी अवघड करून ठेवलं.

आणि मी ब्रेक शिकलो. वेड्यासारखा शिकलो. ब्रेकच्या लायनरला चकाकी आली की ब्रेक दगडासारखा लागतो आणि गाडी मात्र थांबत नाही, ती चकाकी पॉलिशपेपरने घासून काढायची. केबल कोरडी पडली की बोटांना चाकाचा निरोप पोचत नाही. डिस्क ब्रेकच्या नळीत हवा शिरली की लिव्हर भिजल्या भाकरीसारखा दबतो. शाळेतून एक जुनी सिरिंज आणि पारदर्शक नळी मागून घेतली होती, त्या वापरून मी गल्लीतल्या गाड्यांच्या ब्रेकमधली हवा काढून द्यायचो. लोक म्हणायचे, "सर, तुमचा हात लागला की गाडी जागेवर उभी राहते." ते शब्द मला कसे लागायचे, ते कोणाला सांगणार होतो?

परवाच्या रविवारी ह्याच बहिणीच्या मुलीचा, भाचीचा फोन आला. तिला जिंतूरला नोकरी लागली आहे, रोज जाण्यायेण्यासाठी जुनी मोटारसायकल घेतली आहे. "मामा, पुढचा ब्रेक लय मऊ लागायलाय. बघता का?"

गेलो. अंगणात गाडी लावली. दाजी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. लिव्हर दाबला, तो अर्ध्याहून पुढे गेला. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल काळ्या चहासारखं झालं होतं. ते काढून सीलबंद डबीतलं नवीन घातलं. नळी लावली, भाचीला म्हणालो, "दाब. धर. सोडू नको." मी हवा काढायचा निपल उघडला, बंद केला. "आता सोड." दर खेपेला नळीतून बुडबुडे यायचे. पंधरा-वीस वेळा तसं केल्यावर बुडबुडे थांबले आणि लिव्हर थोडा मोकळा जाऊन एकदम भिंतीसारखा घट्ट झाला.

"बघ आता. दोन बोटांनी थांबंल."

भाची हसली. "झालं बरं, पण मी तो दाबणार न्हाई मामा. मला सवयच न्हाई."

"का?"

"पप्पा म्हनतेत, फुडच्याच्या भरवशावर राहू नको. ऐनवेळी लागत नसतो तो. मागचाच दाबायचा."

दाजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "खरंच हाय ते. मी भोगलंय."

माझ्या हातात नळी तशीच राहिली. ही पोरगी उद्यापासून तोच येलदरीचा उतार रोज उतरणार आणि एवढा चांगला ब्रेक हाताखाली असून दाबणार नाही. माझ्या एका खोट्यामुळे. त्या खोट्याने फक्त दाजींचं वाटोळं झालं, असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो.

"दाजी," मी म्हणालो, "त्या दिवशी तुमी दाबला होता. लागणारच नव्हता. मी सैल करून ठेवला होता."

दाजींनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

मग मी सगळं सांगितलं. वडिलांचे दात, जेवणाची पंगत, पाना, टेम्पो, परत आवळणं. बहीण काठी टेकत दारात येऊन उभी राहिली होती, कधी ते मला कळलं नाही.

"किती?" तिने विचारलं.

"काय?"

"सैल किती केला व्हता दादा?"

"चार आटे."

"आन परत आवळला तो?"

"चारच."

तिने चौकट धरली. "रोज टोचलं मी ह्या मानसाला. रोज. तुमी घाबरलात म्हनून माझा पाय गेला, आसं."

दाजी उठले. गाडीपाशी आले आणि लिव्हर दाबला. सोडला. परत दाबला. मग बहिणीकडे बघून, जणू तिथं मी नव्हतोच, एवढंच म्हणाले, "म्हंजी मी दाबला व्हता."

भाची म्हणाली, "मग मी आता दाबायचा का?" मीच म्हणालो, "दोन्ही दाबायचे. पुढचा आधी हळू, मग जोर वाढवायचा. मुरुमावर असलीस तर अजून हळू." तिने गाडी काढली, बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि दाबला. गाडीचं नाक खाली वाकलं आणि ती जागेवर थांबली. दाजी ते बघत होते. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमच्या आईला फोन लावा."

"येतो ना मी, समोर बसून सांगतो."

"आत्ता लावा."

आई ऐंशीची आहे, ऐकायला फार कमी येतं. स्पीकर लावला. "आई, त्या अपघाताच्या वेळी..."

"काय? मोठ्यानं बोल!"

"दाजींची चूक नव्हती!"

"कोनाची? ऐकू येत न्हाई रे!"

शेजारची बाई भांडी घासायची थांबली. समोरच्या ओट्यावरचे दोघं उठून उभे राहिले. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ब्रेक मी सैल केला होता! मी! आणि नंतर मीच आवळला! दाजींनी दाबला होता!"

फोनमधून काही येईना. मला वाटलं, कट झाला.

मग आईचा आवाज आला, एकदम बारीक. "जावईबापूंना फोन दे."

मी फोन पुढे केला. दाजींनी तो घेतला, पण कानाला लावला नाही. तसाच हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या मुठीतून आई म्हणत राहिली, हॅलो, जावईबापू, हॅलो, बोला की, हॅलो.