खालच्या डोहाचं पाणी

हॅड्रिकांचे घोडे नदीच्या खालच्या डोहावर कधी पाणी पीत नसत. दुष्काळात वरचे डोह आटले, गुरं हंबरून हंबरून मेली, तरी नाही. ते पाणी वाईट आहे, असं लॉर्न हॅड्रिकला बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. तिथून जाताना मात्र बाप डोक्यावरची हॅट काढायचा. वाईट पाण्यापुढे हॅट कशाला काढायची, हे लॉर्ननं कधी विचारलं नाही. न विचारताच त्याला कळलं होतं.

आता त्याची सत्तरी आली होती. कमी बोलणारा, शेजाऱ्याचं मोडलेलं कुंपण न सांगता बांधून देणारा माणूस. सिनेमावाले आले तेव्हा घोडे साहजिकच त्याचे ठरले. सिनेमातले गोरे स्वार पहाटे इथल्या मूळच्या काळ्या लोकांच्या तळावर चालून जातात आणि कुणाला सोडत नाहीत. असं याच नदीवर घडलं होतं, एवढं सगळे जाणून होते. कुठे, ते गोऱ्यांत कोणी बोलत नसे. दिग्दर्शिकेनं जागा विचारली, तेव्हा लॉर्ननं मधला डोह दाखवला. खालचं पाणी वाईट आहे, म्हणाला. गावच्या सभागृहाला त्याच्या आजोबांचं नाव होतं.

नोला तिथेच उभी होती. तिची आजी त्या पहाटेतून वाचलेली पोर. लॉर्न आणि नोला एकाच कुरणावर वाढले; तो मोठ्या घरात, ती नदीकाठच्या पत्र्याच्या झोपडीत. तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिनं प्रत्येक पाहुण्याला मूठभर वाळू काखेत चोळायला लावली. मग आपण कोण, कुणाचे, ते मोठ्यानं सांगायचं आणि वाळू पाण्यात टाकायची, म्हणजे पाणी माणसाला घामाच्या वासानं ओळखतं. लॉर्न पुटपुटला, तेही नुसतं नाव.

एक स्वार कमी पडला, म्हणून लॉर्नलाच कोट चढवून, बंदूक देऊन घोडीवर बसवलं. नोलाची भाचरं मेल्याचं सोंग घेऊन वाळूत पडून राहिली. एक पोरगी आधी फिदीफिदी हसत होती. बार झाले आणि तिचंही हसू थांबलं.

काम संपल्यावर लॉर्न खोगीर सोडू लागला. हातातून लगाम निसटला. बिस्किट नावाची ती घोडी तहानलेली होती. ती थेट खालच्या डोहात उतरली आणि पिऊ लागली. लॉर्न मागोमाग धावला. नोला काठावर येऊन थांबली.

"मरेल की रे तुझी घोडी. वाईट ना पाणी?"

लॉर्ननं लगाम धरला, पण घोडीला मागे ओढलं नाही.

"पाणी चांगलं आहे, नोला. जागा हीच. मधला डोह नाही."

"ते मला नको सांगूस. आम्ही इथे मासे धरत नाही, तुम्ही घोडे आणत नाही. दोघांनाही ठाऊकच होतं." तिनं वाकून मूठभर वाळू त्याच्या हातात दिली. "इथे मेलेल्यांना सांग. आणि वर चहा पीत बसलेत, त्यांनाही ऐकू जाऊ दे."

त्यानं वाळू काखेत चोळली. बापासारखी हॅट काढली.

"मी लॉर्न. एर्नीचा मुलगा, वॉल्टर हॅड्रिकचा नातू. त्यानं तुम्हाला इथे मारलं. आम्हाला माहीत होतं."

वर दिग्दर्शिका हातातला कप तसाच धरून उठली. लॉर्ननं वाळू पाण्यात टाकली आणि नोलाकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे तोंड करून आपल्या बोलीत त्या पहाटे गेलेल्या एकेकाला हाका मारत होती.