जोरहाट ते पुणे, फक्त तीन तास

आता माझ्याच हुशारीचं हे प्रकरण सांगू की गिळून टाकू, असं दरवेळी होतं. पण चहा मागवलायच, तर ऐका.

मी एस.टी.त कंडक्टर. शिरूर-दौंड रस्त्यावरचा एकूण एक टप्पा मला झोपेतही पाठ. कोण कुठं किती वाजता पोचणार, हे अख्खं गाव मलाच विचारायचं. आणि मी सांगितलं की विषय संपला!

थोरलीचं लग्न ठरलं, यवतच्या कार्यालयात, गोरज मुहूर्तावर. तिचा एकुलता एक मामा लष्करात, तिकडं आसामात जोरहाटला. पोरीला बोहल्यावर मामानंच आणायचं, हे बायकोचं पक्कं. तीन वर्षांत तिनं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

मेहुण्याचा फोन आला. चार दिवस आधीच रेल्वेनं निघू का, म्हणून विचारत होता.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखा दाजी असताना त्यानं एवढी काळजी करावी? मी शाळेत गेलो आणि भिंतीवरच्या नकाशावर सुतळी ताणली. सव्वादोन हजार किलोमीटर. विमानाचा वेग तासाला साडेसातशे. म्हणजे तीन तास! आमची गाडी दौंडला जाऊन परत यायला याहून जास्त वेळ घेते.

"सुट्टी कशाला वाया घालवतो?" मी त्याला म्हटलं. "लग्नादिवशी सकाळी इमानात बस. दुपारच्या पंगतीला यवतात हायेस तू."

सगळ्या भावकीला मी हेच ऐकवलं. लग्नादिवशी पुण्याच्या विमानतळावर जीप पाठवली, जीपमध्ये हारही ठेवला. दर अर्ध्या तासानं मी बायकोला सांगत होतो, आता तो नागपूरवर असेल, आता नगरवर. ती बिचारी खरंच वर बघायची.

साडेबाराला कार्यालयातला फोन वाजला.

"दाजी, कलकत्त्यात हाय. पुण्याचं इमान उद्याच्याला."

"आरं, पन कलकत्त्यात उतरलास कशापायी?"

"सगळेच उतरले. हितं बदलायचं असतंय. काल तिकीट हातात पडलं, तवा कळलं. लगी फोन लावला, पन लागलाच न्हाई."

संध्याकाळी गुरुजींनी मामाला हाक दिली, तेव्हा बायकोचा चुलतभाऊ उठला. पोरीनं मान वर केली नाही. खरं सांगतो, मला त्या क्षणी मांडवाबाहेर पळून जावंसं वाटलं.

मामा आला दुसऱ्या दिवशी, हार सुकल्यावर. संध्याकाळी बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अवो, बावीस वर्सं स्टँडवर वरडताय, गाडी डायरेक्ट न्हाई, चौफुल्याला बदला म्हनून. मंग माझ्याच भावाच्या येळंला कसं इसरलात?"

आजही मी कुठल्या गावाचं अंतर सांगायला तोंड उघडलं, की सगळं घर एका सुरात विचारतं, "डायरेक्ट, का चौफुल्याला बदलून?"