मेरापीचं लुगडं

भाईदास ट्रेसर एकदा पाहिलेली डिझाइन विसरत नाही, हे सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापडछपाईच्या वस्तीत, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुळ्याकडून आला तेव्हा त्याच्यापाशी एक पत्र्याची पेटी होती आणि ही नजर. खाली ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावर वीस वर्षं वाकून त्याने फुलं-पानं फिल्मवर उतरवली. बोहल्यावर नवरीकडे पाहताना त्याने आधी शालूचे रंग मोजले होते. पाच रंग, म्हणजे छपाईच्या पाच स्क्रीन, रंगागणिक एक. त्याची बायको रंजना हे अजून ऐकवते.

म्हणूनच १९९६च्या डिसेंबरात त्याच्या छपाई कारखान्याचे मालक मगनशेठ यांनी त्यालाच इंडोनेशियात, जावाला धाडलं. "भाईदासभाई, कॅमेरा बघून लोक कापड झाकतात," शेठ म्हणाले. "तुझा डोळा कोण झाकणार? तिथल्या राजाच्या घरचं कापड बघून ये. आपण पॉलिएस्टरवर छापू."

राजाचं कापड तिथल्या बाजारात नव्हतंच. एका सिंधी दुकानातला नोकर सुपार्दी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "ते वर्षातून एकदा मेरापीवर जातं." मेरापी म्हणजे जिवंत ज्वालामुखी. दोनच वर्षांपूर्वी त्याने माणसं गिळली होती. तरी त्याच्या कुशीतली गावं त्याला आजोबा म्हणतात आणि राजवाडा दरसाल त्याला वस्त्रं पाठवतो.

"आगीला कपडे?" भाईदास हसला.

"आमची शेठाणी सांगते, तुमच्या सुरतेत नदीला चुंदडी घालतात."

तापीमातेला चुंदडी, ती लाल ओढणी, भाईदासनेही वाहिली होती.

वस्त्रं जायच्या दिवशी उजाडताच सुपार्दी आणि भाईदास गावकऱ्यांबरोबर डोंगर चढू लागले. पुढे डोंगराची राखण करणारा म्हातारा, अनवाणी. त्याच्यामागे वस्त्रांची पेटी वाहणारे गडी. भाईदासने नवे बूट काढून गळ्यात अडकवले. पायाखाली करडी भुसभुशीत राख, मधेच सुरीसारखा दगड. वरून गंधकाचा भपकारा आला तशी सुपार्दीने नाकाला रुमाल लावला. भाईदासला मात्र घरच्यासारखं वाटलं. पांडेसऱ्याच्या रंगखात्यांत त्याने आयुष्यभर असलाच वास घेतला होता. दोन तासांनी एका सपाटीवर पेटी उघडली. धूप जळला. वर शिखर शांतपणे धूर सोडत होतं, जणू सकाळची बिडी ओढत बसलेला घरचा वडीलधारा. एकेक वस्त्र दोन्ही हातांवर उचललं गेलं. तपकिरी, निळा, पांढरा. तीन स्क्रीन.

भाईदास खडकाआड बसला आणि बिडीच्या बंडलाच्या कागदावर भराभर रेघा ओढू लागला. कागदावर सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं. म्हातारा उभा होता.

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तिथेच ठेवलेल्या जुन्या पेटीतून गेल्या वर्षीचं वस्त्र काढलं, त्यातला हातभर तुकडा फाडून भाईदासच्या मांडीवर ठेवला आणि काही बोलला.

"म्हणतात, चोरून कशाला?" सुपार्दीने सांगितलं. "आजोबांचं वर्षभर नेसून झालंय. घरी ने. मानाने ठेव."

भाईदासने तो कागद तिथेच फाडला.

सुरतेत गोडादऱ्याच्या घरी रंजनाने तुकडा उलटसुलट पाहत धुळ्याकडच्या बोलीत विचारलं, "हाई कोनं शे?"

"डोंगरनं."

"तठे डोंगरले बी लुगडं नेसाडतस का?" असं म्हणून तिने तो देव्हाऱ्यातल्या कानबाईला, म्हणजे घरच्या देवीच्या नारळाला, नेसवून टाकला.

कापडाची बातमी लागताच मगनशेठ घरी आले. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, कानबाईला हात जोडले, डोळे मिटले आणि डोळे उघडताच म्हणाले, "बेन, एक तासासाठी उतरवून द्या."

केवढा हा भक्तिभाव. रंजनाने पदर खोचला. "शेठ, आधी तुमच्या घरच्या माताजीची चुंदडी उतरवून आणा. मग आपण बोलू."

शेठ गेले. पण दुसऱ्या दिवशी भर ट्रेसिंग खोलीत भाईदासच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कापड राहू दे देवीला. पाप मला नको. डिझाइन तुझ्या डोळ्यात आहे ना? तेवढी काढ. गादीच्या खोळींवर छापू."

खोळींवर. ज्याने नऊ दिवसांसाठी आलेल्या परक्या पाहुण्याला, रंगेहाथ सापडलेल्या चोराला, आपल्या देवाच्या अंगावरचं दिलं, त्याच्या विश्वासावर आता लोक पसरून घोरणार. भाईदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ब्रश उचलला. समोर कोरी फिल्म, खालून उजेड. अख्खी वेल त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती, पानन् पान.

त्याने ब्रश खाली ठेवला.

"आठवत नाही."

आजूबाजूच्या टेबलांवरचे हात थांबले.

"तू विसरलास?" शेठनी सावकाश विचारलं.

"विसरलो."

"भाईदास ट्रेसर विसरला, असं सांगू बाजारात?"

"सांगा. दारावर लिहून लावा."

शेठनी खरंच सांगितलं. म्हातारा झाला, नजर गेली, डोकं गेलं. ज्यांनी याच्या गुलाबांवर बंगले बांधले त्यांनीही मान डोलावली. कोणी एकानेही खात्री करून पाहिली नाही. शेठच्या कारखान्यातून निघालेल्या भाईदासला भेस्तानच्या एका लहान कारखान्यात काम मिळालं, दुसऱ्यांनी काढलेल्या फुलांत ठिपके भरायचं. वीस वर्षांचा उस्ताद आणि ठिपके. तिथली पोरं त्याला 'भुलक्कड काका' म्हणायची. तो ठिपके भरत राहायचा.

श्रावणात कानबाईच्या सणाला रंजनाने ते वस्त्र हलक्या हाताने धुऊन, वाळवून पुन्हा नेसवलं. भाईदास दाराकडे तोंड करून दाढी करत बसला होता.

"खरंच इसरी ग्यात का तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने ब्लेड पाण्यात बुडवलं. आरसा इतका लहान की त्यात त्याचा एक गालच मावत होता.

"उलटं नेसवलंस," देव्हाऱ्याकडे एकदा वळून बघत तो म्हणाला. "ती बारीक वेल डावीकडून वर चढते. तिसऱ्या पानापाशी वळते."