आखाजीचा पंखा

नानांना कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि हे नाना सोडून सगळ्यांना माहीत होतं. नाना म्हणजे माझे थोरले दीर. भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये उभी हयात गेलेली, त्यामुळे जगातली फिरणारी प्रत्येक वस्तू आपल्याला विचारून फिरते असा त्यांचा समज.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. जळगावच्या आमच्या घरात तो कॉम्प्युटर नानांनी त्यांच्या मुलासाठी आणला होता. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि यंत्र जाऊबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली पडून राहिलं. ते झाकण मी काढलं. मराठी टायपिंग शिकले आणि छापखान्याच्या लग्नपत्रिका घरी बसून जुळवायला लागले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माणसं मला विचारत दारात यायला लागली. ते यंत्र गेलं असतं तर मी पुन्हा भाकरी थापण्यापुरती उरले असते. मला तसं उरायचं नव्हतं, बस.

एप्रिल लागला आणि यंत्र रोज दुपारी गपकन बंद पडायला लागलं. अर्धी पत्रिका जुळवलेली, वधूचं नाव आलेलं, वराचं गायब. उघडून पाहिलं तर आत प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा एक चिमुकला ठोकळा, त्यावर त्याहून चिमुकला पंखा, आणि दोन्हींवर कापसाचा थर. मागच्या गल्लीत कापसाची सरकी काढणारं जिनिंग होतं. तिथली रुई खिडकीतून यायची, आमच्या केसांत, वरणात, सगळीकडे. मी जुना टूथब्रश घेऊन ती साफ केली. तरी पंखा कण्हत फिरायचा आणि ठोकळ्याला बोट लावलं की चटका बसायचा. जळगावचं ऊन त्याच्या आवाक्यातलं नव्हतंच.

मी म्हटलं, मोठा ठोकळा आणि दमदार पंखा बसवायला हवा. नाना म्हणाले, "काही नवीन आणायचं नाही. इंजिनाला पाणी लागतं, याला कूलर लागेल." आणि त्यांनी डब्याचं एका बाजूचं झाकण काढून घरातला मोठा कूलर त्याच्या उघड्या पोटासमोर आणून उभा केला! वाळ्याच्या ताट्या, टाकीत बोअरचं खारं पाणी, आणि नानांचा छाती फुगवून पहारा. दोन दिवस यंत्र चाललं. नानांनी गल्लीभर सांगितलं. मग स्क्रूंवर तांबेरा आला, आतल्या सर्किटच्या पट्टीवर पांढरा खार बसला, आणि यंत्र दुपारची वाट न बघता सकाळीच मान टाकायला लागलं. मी कूलर ओढून बाजूला केला की ते तो परत आणायचे. आमच्यात बोलणं नव्हतं, फक्त कूलरची ये-जा होती. आमचे हे तेवढा वेळ पेपर वाचायचे. जन्मात कुणाचा पेपर इतका लांबला नसेल.

शेवटी नाना जेवताना म्हणाले, "कटकटच नको. रावेरच्या केळीवाल्या भाऊंना हिशेबासाठी कॉम्प्युटर हवाय. आखाजी झाली की येऊन नेतील." कुणाशी बोलणं नाही, विचारणं नाही. राग इतका आला की पाणीसुद्धा कडू लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. खानदेशात या सणाला लेक माहेरी जातेच, आणि येताना आहेर घेऊन येते. त्या आहेराला सासरचं कुणी हात लावत नाही. आमच्या सासूबाईंना त्यांच्या माहेरनं आखाजीला दिलेला पितळी डबा अजून फळीवर होता. सासूबाई जाऊनही वर्षं झाली, पण घरातली सगळी भांडी मोडीत घालणाऱ्या नानांनी तो कधी हलवला नव्हता.

धुळ्याला पोचले, झोक्यावर बसले, आणि आईला म्हटलं, यंदा साडी नको. आईनं कपाळाला हात लावला. "येडी शे का तू? आखाजीले लेकले लोखंड दी कोनी?" लोखंड नव्हे, ॲल्युमिनियम, असं मी सांगितल्यावर ती आणखीच भडकली. पण दुसऱ्या दिवशी तीच माझ्यासोबत दुकानात आली. मी मुठीएवढा, दाट पात्यांचा ठोकळा आणि त्यावर बसणारा पंखा निवडला. दुकानदारानं पांढऱ्या मलमाची छोटी नळी दिली आणि ते ठोकळ्याखाली अगदी पातळ लावायला सांगितलं. आईनं त्या सगळ्यावर हळदकुंकू वाहिलं, खणात बांधलं आणि माझ्या ओटीत घातलं.

जळगावला येऊन मी तो बसवला. ठोकळा धरून ठेवणारी क्लिप इतकी ताठ की स्क्रूड्रायव्हर निसटून सर्किटवर आदळला असता तर खेळ खलास होता. पण बसला. भर दुपारी यंत्र लावलं आणि मी तीन पत्रिका सलग जुळवल्या. मला रडू आलं. नाना दारातून बघत होते. मला वाटलं, आता तरी तोंड बंद होईल.

कसलं काय! दोन दिवसांनी रावेरचे भाऊ आले तेव्हा नानाच त्यांना यंत्रासमोर घेऊन आले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. "बघा भाऊ, भर उन्हात कसं पळतंय! इंजिनाचा माणूस आहे मी, सगळं ठीकठाक करून दिलंय." म्हणजे मी त्याला वाचवलं होतं ते नानांना विकायला सोपं जावं म्हणून! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दिरांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, तो मी कमरेला खोचला. यंत्र बंद केलं, झाकण काढलं, क्लिप दाबली आणि गरम ठोकळा पंख्यासकट उपटून ओच्यात घेतला.

"यंत्र नानांचं आहे, खुशाल न्या," मी म्हटलं. "हे माझं आखाजीचं आहे. माहेरनं ओटीत घातलंय."

नानांनी हात पुढे केला. अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. ठोकळ्याच्या कडेला आईचं कुंकू अजून दिसत होतं.

भाऊंनी टोपी सारखी केली. "नाही हो नाना. लेकीला आखाजीचा आहेर काढायला लावून नेलेलं यंत्र मला नको. माझ्याही घरी लेकी आहेत." चहाचा कप तसाच ठेवून ते उठले.

ते गेले तरी नाना तिथेच उभे होते, लालबुंद. मग म्हणाले, "बसव ते परत. उघडं पडलंय."

"बसवते," मी म्हटलं. "आधी तुमचा तो कूलर उचला आणि तुमच्या खोलीत न्या."

आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. नाना वाकले, आणि कूलर फरशीवरून खरडत, पाणी सांडत, आपल्या खोलीत घेऊन गेले.