बोर्डावर एकच सॉकेट बसतं

मंडळी, लकडगंजच्या आपल्या वर्कशॉपमधून आत्ताच घरी आलो. चैन पडत नाही, म्हणून लगेच लिहून आपल्या मंडळाच्या संगणकावरच्या फलकावर टाकतोय.

पडद्यावर चित्रं काढणारा आपला बोर्ड, ज्याचा आराखडा आपण सगळ्यांना खुला देणार आहोत, त्यावर पडद्याची वायर जोडायला एकाच सॉकेटला जागा आहे. मी मॉनिटरचं ठरवलं होतं, कारण त्यावर चित्र स्वच्छ येतं.

आज आपल्या उमरेडच्या शिक्षिका सुनंदाताई घरचा छोटा टीव्ही चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आल्या.

"भाऊ, मॉनिटर कोणाच्या घरी हाय? माह्या वर्गातल्या पोरी यावरच पाहतीन."

सुट्या तारांनी काहीही जोडता येतं अशा आपल्या कच्च्या बोर्डाला तो टीव्ही जोडला. 'गंगा' लिहिलं, तर दिसलं 'गगा'.

"पाहा, वाचताच येत नाही," मी म्हणालो.

"मग टिंब मोठं करा ना. टीव्हीले काहून दोष देऊन राहिले?"

अक्षरं दुप्पट केली. 'गंगा' स्पष्ट दिसलं, पण ओळीत निम्मेच शब्द मावले, आणि बारीक रेषांची चित्रं तर गेलीच. तरी मी आराखड्यात मॉनिटरचं सॉकेट खोडून टीव्हीचं रेखाटलं.

तेव्हापासून खोडरबर हातातून सुटत नाही. उद्या आराखडा बोर्ड बनवायला जाईल. त्याआधी खरं सांगा, हा बोर्ड तुम्ही घरी कशाला जोडाल?