स्टोव्हवरची अक्षता

झेंडूचा वास आला की अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतला, घर ऊबदार ठेवणारा तो पेलेट स्टोव्ह आठवतो. जळायचा लाकडाच्या गोळ्यांवर, पण विजेशिवाय पेटत नसे. आठवीत शाळा सोडलेला मी तिथे दादांच्या घरी स्वयंपाकाला होतो. दसऱ्याला सकाळी मी स्टोव्हची यंत्र म्हणून पूजा केली आणि संध्याकाळी तो पेटेचना. घरात महिन्याचं बाळ, बाहेर कडाक्याची थंडी. आता मला भारतात परत पाठवणार, अशी धास्ती वाटली. दादा म्हणाले, "फ्यूज चेक केला यार, ओके आहे." मी स्टोव्हच्या दाराखाली दबणारं बटण पाहिलं. त्यात अक्षतेचा दाणा अडकला होता, म्हणून दार लावूनही स्टोव्हला ते उघडंच वाटत होतं. "दादा, चूक माझीच." त्यांनी दाणा काढून माझ्या डोक्यावर टाकला. "आयुष्मान भव! पेटव आता." आजही दसऱ्याला यंत्रांना मी नुसती फुलं वाहतो, आणि हात आपोआप डोक्याकडे जातो.